फोंड्यातलं साऊंड रिपेअर : मशीन न्या, पण सगळ्या वायरी पण न्या

देवळाच्या उत्सवाला, नाटकाला, भजनस्पर्धेला साऊंड सांभाळणाऱ्यांसाठी लिहितोय, ज्यांच्याकडे एक माईक आणि एकच स्पीकर आहे त्यांनी सोडून दिलं तरी चालेल. गोव्यात फोंड्याला वरच्या बाजाराकडे एक जुनं रिपेअरचं दुकान आहे, पाटी उन्हापावसाने उडालीय आणि मालक म्हणाले नेटवर नाव घालू नको, आहे तेच काम आवरत नाही. म्हणून नाव नाही. पण त्या बाजूच्या कुठल्याही भजनी मंडळात "एम्प्लिफायरवाले काका" म्हणून विचारा, सांगतील.

आमच्या देवळात रॅकमध्ये बसणारं एक डिस्ट्रिब्युशन मशीन आहे, एक इनपुट आणि आठ आउटपुट. मिक्सरमधून एक लाईन त्यात जाते आणि तिथून सभामंडपाचे स्पीकर, बाहेरचे कर्णे, प्रसादाच्या मांडवातले बॉक्स, रेकॉर्डिंग, यूट्यूब लाईव्हवाला, चॅनलचा कॅमेरा, ग्रीनरूम असं सगळीकडे वाटलं जातं. लोक म्हणतात एवढ्यासाठी मशीन कशाला, वाय केबल (एका वायरीला फाटे फोडणारी) लाव की. लावा ना. एकाने पिन वाकडी घालून शॉर्ट केली की सगळा गाव गप्प, मग कळेल. शिवाय रात्री दहाला बाहेरचे कर्णे बंद करावे लागतात तेव्हा तेवढाच नॉब खाली घेता येतो, लाईव्ह आणि रेकॉर्डिंग चालू राहतं, हे मला मशीनचं सगळ्यात मोठं सुख वाटतं.

तर गेल्या उत्सवाच्या आधी या मशीनमधून घरघर यायला लागली. सगळ्या आउटपुटवर. आधी दुसऱ्या एका गावातल्या दुकानात दिलं होतं, तिथे न उघडताच सांगितलं कार्ड गेलं, नवीन घाला, आणि आकडा असा सांगितला की त्यात नवीन मशीनचे अर्धे पैसे झाले असते. म्हणून मग काकांकडे.

काकांची पद्धत सांगतो कारण रिव्ह्यू खरं तर त्याचाच आहे. मशीन काउंटरवर ठेवलं तर त्यांनी स्क्रूड्रायव्हरला हात पण लावला नाही, आधी प्रश्न. घरघर सगळ्या आउटपुटला की एकाच? इनपुटची वायर काढली तरी राहते का? आणि मग तिसरा, जो आम्हाला कोणी विचारलाच नव्हता : ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवशी नवीन काय लावलं होतं? एकाच आउटपुटला असेल तर तो आउटपुट, त्याची वायर किंवा पलीकडचं मशीन. सगळ्यांना असेल तर इनपुट नाहीतर पॉवर सप्लाय, हा पहिला अंदाज. आमचं सगळ्यांना होतं म्हणजे हिशोबाने आतलीच भानगड. पण काका म्हणाले, "राव मात्सो (थांब जरा), आधी ऐकूया."

मग त्यांनी खणातून एक कॅनन पिन (एक्सएलआर, आत तीन पिना : १ शील्डची म्हणजे वायरीवरच्या जाळीची, २ आणि ३ सिग्नलच्या) काढली जिच्यात २ आणि ३ आतूनच एकमेकांना जोडलेल्या, ती इनपुटला लावली. म्हणजे मशीनला सिग्नल शून्य, बाहेरचं काहीच आत येणार नाही. हेडफोनवर एकेक आउटपुट ऐकला. स्वच्छ. थोडा हिस्स येतो तो येणारच, पण घरघर औषधाला नाही. मला पण ऐकवलं.

पुढे इनपुटला टोन दिला. यात एक बारीक गोष्ट शिकायला मिळाली, आपण सगळे १ किलोहर्ट्झचा टोन देतो, पण साधा मल्टीमीटर एसी व्होल्ट मोजतो तो मुळात ५० हर्ट्झच्या लाईटसाठी बनवलेला असतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला काय वाट्टेल ते दाखवतो, म्हणून काका ४०० हर्ट्झ किंवा त्याच्या खालचाच टोन देतात. प्रोफेशनल लाईन लेव्हल म्हणजे प्लस ४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट, तो पिन २ आणि ३ मध्ये मिळायला पाहिजे. आणि लाईन बॅलन्स्ड असेल, म्हणजे तोच सिग्नल २ वर सुलटा आणि ३ वर उलटा जात असेल, तर १ ते २ मध्ये अर्धा आणि १ ते ३ मध्ये अर्धा, साधारण ०.६१. सात आउटपुट बरोबर निघाले, पाचव्याला १ ते ३ मध्ये काहीच नाही. एक पाय तुटलेला! प्रसादाच्या मांडवातला आवाज नेहमी कमी का येतो म्हणून आम्ही त्या बॉक्सलाच शिव्या घालत होतो, तर असं आहे की एक पाय गेला की आवाज पूर्ण जात नाही, ६ डीबी कमी येतो आणि बॅलन्स्ड लाईनचा जो फायदा, बाहेरचा नॉइज कापायचा, तो जातो. म्हणून कोणाच्या लक्षात पण येत नाही. मागच्या सॉकेटचं सोल्डर तडकलेलं होतं, वायर ओढून ओढून होतं तसं. माझ्यासमोर नीट केलं, १५० रुपये.

पण घरघरीचं काय? तर म्हणाले मशीनला हे सोडून काही नाही, कारण देवळात आहे, तिथे येऊन बघावं लागेल. आता सरळ सांगतो, आम्हाला वाटलं की हे पैसे काढायचं काम. साईटवर यायचे ते वेगळे घेतात आणि अंतर बघून घेतात. पण आले.

आले आणि पहिल्यांदा आमच्या पेटीवाल्या भाऊंना विचारलं की घरघर कुठल्या पट्टीत आहे. आम्ही हसलो, पण भाऊंनी लगेच पेटीवर दाखवलं, पांढरी पाच, अगदी खर्जात, किंचित वर. काका म्हणाले बरोबर, ५० हर्ट्झ. हे मी घरी येऊन ताडून पाहिलं आणि खरंच आहे, खर्जातली पांढरी पाच ४९ हर्ट्झच्या आसपास येते. त्याच्या वरच्या सप्तकातली पांढरी पाच जास्त ऐकू आली, म्हणजे १०० हर्ट्झ, थोडी करकरीत, तर पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर सुकले असा संशय धरायचा, कारण डायोडच्या ब्रिजनंतर ५० चे १०० होतात. खालची जाडी गुणगुण असेल तर बहुतेक बाहेरून येते, अर्थिंग, शील्ड, नाहीतर कुठला तरी ट्रान्सफॉर्मर वायरीला चिकटून ठेवलाय. अगदी शंभर टक्के नियम नाही असं ते स्वतःच म्हणाले, पण कुठून सुरुवात करायची ते कळतं. ज्या गोव्यात प्रत्येक वाड्यावर एक पेटीवाला आहे तिथे ही टेस्ट फुकट आहे.

मग आउटपुटच्या सगळ्या वायरी काढून एकेक परत लावत गेले. सभामंडप, ठीक. कर्णे, ठीक. मांडव, ठीक. लाईव्हवाल्याच्या लॅपटॉपची ईपी पिन (इअरफोनसारखी बारीक पिन) लावली आणि आठही आउटपुटवर घर्र. चार्जर काढला, लॅपटॉप बॅटरीवर, शांत. परत चार्जर लावला, घर्र. नवीन काय लावलं होतं या प्रश्नाचं उत्तर हे.

लाईव्हवाला मांडवातल्या जनरेटरवर आणि आपलं मशीन देवळाच्या मीटरवर, दोन्हीकडची अर्थिंग वेगळी, आणि ऑडिओच्या वायरीचं शील्ड या दोन अर्थिंगना जोडणारा पूल झालं, मग त्या शील्डमधून करंट वाहणार नाही तर काय. ग्राउंड लूप आपण सगळे म्हणतो, पण एका आउटपुटला लावलेल्या लॅपटॉपने आठही का घाण व्हावेत हे मला कोडं होतं. ते त्यांनी झाकण उघडून दाखवलं. स्वस्त मशीनमध्ये सॉकेटची पिन १ सरळ पत्र्याच्या बॉडीला न जोडता पीसीबीच्या (आतल्या सर्किटच्या कार्डाच्या) ग्राउंडला नेलेली असते, मग शील्डमधला करंट सिग्नलच्या ग्राउंडवरूनच फिरतो आणि सगळ्यांच्यात मिसळतो. हा प्रकार जगभर माहीत असलेला आहे, पिन-१ प्रॉब्लेम म्हणतात, नील मन्सी यांनी १९९५ मध्ये यावर पेपर लिहिला आणि २००५ मध्ये एईएसने (ऑडिओ इंजिनिअर्सची संस्था) ४८ नंबरचं स्टँडर्ड काढलं की शील्ड चासीलाच, म्हणजे पत्र्याच्या बॉडीलाच जोडा. तरी मशीनं अजून तशीच येतात, कारण पीसीबीवर सॉकेट ठोकून बसवणं स्वस्त पडतं. ज्यांना महाग मशीन आणि स्वस्त मशीन यात फरक काय असा प्रश्न पडतो त्यांनी झाकण काढून एवढं एक बघावं.

उपाय दोन केले. आठही पिन १ पासून आखूड जाड तार थेट बॉडीला, आणि लाईव्हवाल्याच्या लाईनमध्ये एक छोटा १:१ चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, डबीत घालून, एका बाजूला कॅनन, दुसऱ्या बाजूला ईपी. ट्रान्सफॉर्मरमध्ये सिग्नल पलीकडे जातो पण तारेचा सलग रस्ता राहत नाही. डबी ९०० रुपये, ट्रान्सफॉर्मर बऱ्यापैकी आहे, अगदी स्वस्तातले खर्जाला फाटतात म्हणे, पखवाज त्यात कागदासारखा वाजतो. आमचा उत्सव त्यानंतर पूर्ण शांततेत गेला, म्हणजे साऊंडच्या बाबतीत, कमिटीच्या बाबतीत नाही.

आणि हो, थ्री पिनची अर्थिंगची पिन तोडायची आपल्याकडे जी सवय आहे, त्यावर काका अक्षरशः भडकले. आमच्या एकाने सुचवलं होतं की लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढली की झालं. घरघर जाते हे खरं. पण तिकडे कुठे करंट बॉडीला लागला तर तो जायला मग ऑडिओची वायर नाहीतर माईक धरलेला कीर्तनकार एवढंच उरतं. वीज खात्याच्या अर्थिंगला हात लावायचा नाही, तोडायचंच असेल तर ऑडिओच्या बाजूचं तोडा, ट्रान्सफॉर्मरने. हे वाक्य कोणी प्रत्येक रॅकवर चिकटवलं तर बरं होईल.

चॅनलच्या कॅमेरावाल्याची तक्रार त्याच दिवशी जाता जाता सुटली. त्याचा आवाज नेहमी फाटलेला, आणि तो म्हणणार तुमचा सिग्नल खराब. कॅमेऱ्याचा इनपुट माईकवर ठेवलेला होता, माईकला लागतात काही मिलिव्होल्ट आणि आपण देतोय सव्वा व्होल्ट. कॅमेऱ्यावर लाईनचं बटण असेल तर ते दाबायचं, नसेल तर मध्ये ४० डीबीचा पॅड, म्हणजे सिग्नल तेवढा कमी करणारी डबी. नॉब खाली घेऊन जमवता येतं पण मग नॉब इतका खाली राहतो की जरा हात लागला की एकदम वर जातो नाहीतर गायब.

गोव्याच्या हवेबद्दल पण बोललं पाहिजे. जून ते सप्टेंबर रॅक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका असं ते सगळ्यांना सांगतात, आतली दमट हवा आतच राहते आणि कॅननच्या पिना हिरव्या पडतात. किनाऱ्याकडच्या लोकांची मशीनं तर मी तिथे बघितली, आयसी सॉकेटचे पाय काळे पडलेले, आयसी काढून नुसता परत बसवला की मशीन चालू. मधेच चालतं, मधेच बंद, थोपटलं की चालतं अशा केसेस बऱ्याच वेळा एवढ्याच असतात. ते कॉन्टॅक्ट क्लीनर नाहीतर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, गंज काढायचा तेलकट स्प्रे मारून आणलेलं मशीन बघितलं की तोंड वाकडं करतात, कारण तो तेलकट थर धूळ धरून ठेवतो.

आता वाईट काय ते. फोन उचलत नाहीत, उचलला तर "उद्या ये" म्हणतात आणि हा उद्या चार दिवसांनी पण येऊ शकतो. बिल मागितलं तर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून दिलं, आमच्या खजिनदाराने ते ऑडिटला कसं लावलं देव जाणे. पार्किंग नाही, जड रॅक असेल तर दोन माणसं न्या. डिजिटलचं काम करत नाहीत, डांटे बिंटेवाला (नेटवर्कच्या वायरीतून आवाज पाठवणारा) स्टेजबॉक्स घेऊन हॉटेलचा एक मुलगा आला होता, आवाज मध्येमध्ये तुटतो म्हणून, त्याला सरळ परत पाठवलं. त्याला बाहेर आल्यावर मीच म्हंटलं की आधी नेटवर्क स्विचमधलं वीज वाचवायचं सेटिंग, ईईई म्हणतात ते, बंद करून बघ, डांटेला ते चालत नाही. पुढे काय झालं माहीत नाही.

आणि स्वभाव. प्रश्नांना नीट उत्तरं दिली नाहीत तर चिडतात. "चालत नाही" एवढंच सांगितलं तर मशीन उघडतच नाहीत, म्हणतात कधी चालत नाही, कुठलं चालत नाही, ते बघून ये. मला हे आवडलं, बरोबर आलेल्या आमच्या अध्यक्षांना अजिबात आवडलं नाही. उघडून बघायचे ३०० घेतात, दोष निघाला नाही तरी घेतात, आणि यावरून काउंटरवर रोज कोणाची तरी कटकट चालू असते. मला ते ३०० महाग वाटत नाहीत, कार्ड बदलायचा आकडा अजून डोक्यात आहे. ५ पैकी ४, एक कापला तो फोनसाठी.

जाताना त्या दिवशी ज्या वायरी लावल्या होत्या त्याच न्या, नवीन चांगल्या नेऊ नका. चतुर्थीच्या आधीचा महिनाभर जाऊ नका, आरतीचे एम्प्लिफायर दारापर्यंत रचलेले असतात. जत्रांचा सीझन सुरू व्हायच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास गेलात तर काकांना वेळ असतो. सोमवारी बंद.