घरी सोलर हीटर बनवताय? टाकी, काळी नळी की तांबं?

नळी कोणती घेऊ, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. मी उलट विचारतो: आंघोळ कधी करता?

संध्याकाळी करत असाल तर काळी रंगवलेली टाकी आणि तिच्याभोवती वरून काच लावलेली पेटी, एवढंच पुरे. जोड मोजके, बिघडायला काही नाही. पण रात्री त्याच काचेतून ऊब निघून जाते आणि पहाटे हाती कोमट पाणी येतं. हे दुखणं जुनंच आहे. अमेरिकेत क्लॅरेन्स केम्पने १८९१ मध्ये पेटंट घेतलेला 'क्लायमॅक्स' हीटर याच जातीचा. पुढे १९०९ मध्ये विल्यम बेलीने पाणी तापवणारा भाग बाहेर ठेवला आणि साठवणीची टाकी वेगळी करून नीट झाकली. नावही चपखल, 'डे अँड नाइट'.

म्हणजे सकाळी गरम पाणी हवं असेल तर पॅनेल, म्हणजे पाणी तापवणारी पेटी, वेगळं आणि टाकी वेगळी. नळीचा प्रश्न खरा इथे येतो.

काळ्या प्लास्टिक नळीचं वेटोळं अर्ध्या दिवसात तयार होतं. मात्र तांबं पॉलिथिलीनपेक्षा ढोबळमानाने हजारपट जास्त उष्णता वाहून नेतं. त्यामुळे ऊन पकडून नळीला ऊब द्यायला प्लास्टिकखाली पत्रा टाकून फारसा उपयोग नाही; जेवढं ऊन थेट नळीवर पडेल तेवढंच कामाचं. काचेखाली पाणी वाहायचं थांबलं की नळी मऊ पडते, जोड गळतात. लांबलचक वेटोळ्यातून पाणी आपोआप फिरत नाही, पंप लागतो. पोहण्याच्या तलावाला ठीक, रोजच्या आंघोळीला मी घेणार नाही.

तांब्याला मेहनत आहे, आणि सगळी मेहनत एकाच जागी: नळी आणि पत्रा यांच्यामध्ये. नुसती तारेने बांधली तर फट राहते. पत्रा चटका देतो, पाणी मात्र गारच. पत्र्यात खोबण ठोकून नळी तिच्यात घट्ट बसवा. पत्रा ॲल्युमिनियमचा असेल तर पेटीत ओल शिरू देऊ नका, नाहीतर तांब्याला टेकलेला भाग कुरतडला जातो.

पेटीच्या तळाशी ऊब अडवायला ग्लासवूलच (काचेच्या तंतूंचा कापूस) घाला. मी पहिल्यांदा थर्मोकोल लावला होता. एके दुपारी टाकीत पाणी नव्हतं. संध्याकाळी पेटी उघडली तर थर्मोकोल आक्रसून पत्र्याला चिकटलेला.

पंप नको असेल तर टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा फूटभर उंच हवा. गरम पाण्याची नळी टाकीपर्यंत चढतीच राहू द्या. मध्ये कुबड आलं की हवा अडकते आणि सगळं ठप्प.

१०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण साडेतीन युनिट ऊर्जा लागते. चांगल्या उन्हात दोन चौरस मीटरच्या पॅनेलमध्ये हे बसतं. मात्र पाणी क्षारांचं असेल तर बारीक नळ्या आतून भरत जातात. तिथे मी सकाळच्या आंघोळीचा हट्ट सोडून टाकीच निवडेन. तिच्यात निदान हात घालून खरवडता येतं.