विम ९.१ : धावण्यात पटाईत, मराठीत अडखळणारा

हात कीबोर्डवरून न उचलता मजकुरात फिरायचं असेल तर विम या टेक्स्ट एडिटरला आजही तोड नाही. लिहीत नसताना त्यात अक्षरांची बटणं आज्ञा म्हणून चालतात. फक्त त्याची वाखाणणी करणारे बरेच जण भलतीच बटणं दाखवतात. एच, जे, के, एल म्हणजे डावीकडे, खाली, वर, उजवीकडे. बिल जॉयने १९७६ मध्ये विमचा पूर्वज असलेला व्हीआय हा एडिटर लिहिला तेव्हा त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण याच चार बटणांवर छापलेले होते, तिथून ही चौकडी आली. पण जे दाबून धरून चाळीस ओळी उतरणारा आणि बाणाचं बटण दाबून धरणारा, दोघं सारखेच रखडतात. विमचा खरा फायदा नेम धरून उडी मारण्यात आहे.

ओळीतल्या ओळीत जायला एफ आणि टी. एफ दाबून एखादं अक्षर दिलं की कर्सर त्या अक्षरावर जातो, टी दिलं तर त्याच्या एक घर अलीकडे थांबतो. अर्धविराम दाबला की तीच उडी पुन्हा, स्वल्पविरामाने उलट दिशेला. ही ओळ घ्या:

दर (लिटरमागे ५६ रुपये), वाहतूक वेगळी

कर्सर ‘द’वर असताना ‘एफ (’ केलं की सुरुवातीच्या कंसावर, मग % दाबलं की बंद कंसावर. तिथूनच ‘सी आय (’ केलं तर कंसातला मजकूर साफ होतो आणि नवीन टाइप करता येतं. पुन्हा ओळीच्या सुरुवातीला येऊन ‘डी टी ,’ केलं तर स्वल्पविरामापर्यंतचं सगळं उडतं, स्वल्पविराम मात्र जागेवर राहतो. नेम धरताना ओळीत क्वचित येणारं अक्षर किंवा चिन्ह निवडा, नाहीतर अर्धविराम बडवत बसावं लागतं. एफची धाव ओळीपुरतीच. खालच्या ओळीतलं अक्षर त्याला सापडणार नाही.

डब्ल्यू शब्दागणिक पुढे नेतो, पण प्रत्येक विरामचिन्हावर अडतो. १९२.१६८.१.१० असा आयपी पत्ता ओलांडायला तो सात वेळा दाबावा लागतो, शिफ्ट-डब्ल्यू एकदाच.

ओळीबाहेर जायचं तर सरळ शोधा. तिरकी रेघ (/), तीन-चार अक्षरं, एंटर. अक्षरं टाइप होता होताच पहिली जागा उजळते, आणि ती नको असेल तर एंटरच्या आधी कंट्रोल-जी दाबून पुढची घेता येते. इथे एक खोच आहे. ही सोय नव्या विममध्ये आयती चालू असते, पण तुम्ही स्वतःच्या सेटिंगांची विमआरसी फाइल केली की मूळच्या सेटिंगांची फाइल वाचलीच जात नाही आणि ती बंद पडते. तेव्हा विमआरसीत या सोयीची इन्कसर्च ही सेटिंग स्वतः चालू करा. तिथेच नंबर आणि रिलेटिव्हनंबर या दोन्ही सेटिंगा चालू केल्या की प्रत्येक ओळ किती अंतरावर आहे ते डावीकडे दिसतं. मग १२ आणि जे, मोजणी नको.

महिरपी कंसांनी परिच्छेदागणिक उड्या मारता येतात, पण मधली ओळ खरोखर रिकामी हवी. तिच्यात एखादी स्पेस राहिली असेल तर विमच्या लेखी तिथे परिच्छेद संपतच नाही.

परत येण्याची सोय मला सगळ्यात मोलाची वाटते. कंट्रोल-ओ दाबत गेलं की मागच्या उड्यांच्या जागा एकेक करून येतात, कंट्रोल-आयने पुन्हा पुढे. शेवटच्या शंभर जागा लक्षात राहतात. मात्र ४० आणि जे ही विमच्या हिशेबात उडी नव्हे, त्यामुळे तिथून कंट्रोल-ओ तुम्हाला भलतीकडे नेईल. निघण्याआधी एम आणि एकेरी अवतरण दाबा, जागा नोंदली जाते. टर्मिनलला कंट्रोल-आय आणि टॅब यांतला फरक सहसा कळत नाही, म्हणून टॅबला दुसरं काम लावलंत तर पुढे जायची वाट बंद. मघाशी लिहीत होतो तिथे थेट लिहायलाच जायचं असेल तर जी-आय.

कंट्रोल-डीने अर्धा स्क्रीन खाली जातो. पण त्याआधी चुकून १० दाबला गेला तर यापुढे प्रत्येक वेळी दहाच ओळी! स्क्रोल ही सेटिंग शून्य केली की गाडी रुळावर येते. ही खोड कुणाला हवी असते देव जाणे.

आता मराठी. सिस्टिमचा कीबोर्ड इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीवर असेल तर जे दाबल्यावर ‘र’ जातो, के दाबल्यावर ‘क’, आणि विम ढिम्म. देवनागरी आकडे दिले तर ते मोजणीत धरत नाही. दर वेळी भाषा बदलत बसण्यापेक्षा सिस्टिम इंग्रजीतच ठेवा आणि विमचा स्वतःचा कीमॅप, म्हणजे कोणत्या बटणाला कोणतं अक्षर याचा तक्ता, बनवा: विमच्या फोल्डरात कीमॅप नावाचं फोल्डर, त्यात एक फाइल, तिच्यात लोडकीमॅप ही ओळ आणि खाली प्रत्येक ओळीवर इंग्रजी बटण, मग मराठी अक्षर. दोन-तीन बटणांची जोडीही चालते, म्हणजे उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांचीही सोय होते. मग आज्ञा इंग्रजीत चालतात, लिखाण मराठीत, आणि एफ-टीला दिलेलं अक्षरही मराठीच धरलं जातं. लिहिता लिहिता इंग्रजी हवं तर कंट्रोल-६.

काना-मात्रा अक्षराला जोडूनच मोजल्या जातात, त्यामुळे ‘की’वर एक्स दाबलं तर अख्खा ‘की’ जातो. नुसती वेलांटी काढायची असेल तर डेलकंबाइन ही सेटिंग चालू करा. ‘क्ष’वर मात्र कर्सर दोनदा थांबतो, एकदा ‘क्’वर आणि एकदा ‘ष’वर. बऱ्याच टर्मिनलांत जोडाक्षरं फुटलेली किंवा एकमेकांवर चढलेली दिसतात आणि कर्सर नेमका कुठे आहे तेच कळत नाही. कोड आणि सर्व्हरवरच्या फायलींसाठी विम डोळे झाकून घ्या. पानंच्या पानं मराठी मजकूर असेल तर आधी तुमच्या टर्मिनलात ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘वाङ्मय’ लिहून त्यावरून एल दाबत जाऊन पाहा.