उंची मोजायला काय घ्यावं: वजनकाट्याची दांडी, भिंतीवरची टेप की स्टॅडिओमीटर?

नवा दवाखाना थाटताना उंचीमापकाचा विचार सगळ्यात शेवटी होतो. वजनकाट्याबरोबर उंची मोजायची दांडी आलेलीच असते, मग तीच वापरात राहते. मोठ्या माणसाचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) काढायला ती एकवेळ चालेल, पण मुलांच्या वाढीची नोंद ठेवायची असेल तर तिच्यावर विसंबू नका. पाठ टेकायला आधार नसतो आणि काट्याचा पाटा पायाखाली हलतो. शिवाय डोक्यावर टेकणारी पट्टी बिजागरीत ढिली होऊन टोकाकडे झुकते. टोक १ सेंमी झुकलं, तर उंची साधारण तेवढीच जास्त भरते. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी वाढतं, म्हणजे सहा महिन्यांत जेमतेम ३. त्यात १ सेंमीची चूक झाली, तर वाढ खुंटली आहे की ठीक आहे हे कळायला मार्ग उरत नाही.

भिंतीवर लावायची गुंडाळी टेप, म्हणजे मायक्रोटॉईज, स्वस्त आणि हलकी असते. शाळेतल्या तपासणीला ती उत्तम. तिचा सगळा भरवसा बसवण्यावर आहे: मापक जमिनीवर टेकवून टेप सरळ वर ओढायची आणि मापकावरच्या आकडा दिसणाऱ्या खिडकीत शून्य असतानाच वरचं टोक पक्कं करायचं. आपल्याकडे घोळ होतो तो स्कर्टिंगमुळे. भिंतीच्या पायथ्याची फरशी पुढे आलेली असते, टाचा तिला टेकतात आणि वरचं अंग मागे रेलतं. स्कर्टिंग नसलेला खांब शोधा. मोरीकडे उतार असलेली जागा टाळा.

जागा आणि पैसे असतील तर भिंतीला पक्का बसवलेला स्टॅडिओमीटर, म्हणजे उभ्या पट्टीवर सरकत्या फळीचा उंचीमापकच घ्यावा. त्याची डोक्यावरची फळी काटकोनात सरकते आणि पाठीला सपाट आधार मिळतो. शिबिरांसाठी सुट्या भागांचा मिळतो, पण त्याचे सांधे दाबून बसवावे लागतात. फट राहिली की वरचे आकडे उचलले जातात आणि उंची तेवढी कमी भरते.

दोन वर्षांखालच्या बाळाला यांपैकी काहीच नको. त्याला इन्फंटोमीटरवर, म्हणजे बाळाची लांबी मोजायच्या आडव्या फळीवर, निजवून मोजायचं आणि त्याला माणसं दोन लागतात: एक डोकं धरायला, दुसरं गुडघे सरळ करून पायाची फळी सरकवायला. निजवून मोजलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा सुमारे ०.७ सेंमी जास्त येते. म्हणून दोन वर्षांवरच्या मुलाला निजवून मोजावं लागलं, तर तेवढे वजा करा.

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी गुडघ्याच्या उंचीवरून अंदाज काढतात. त्याची प्रचलित सूत्रं अमेरिकेतल्या वृद्धांवरून बसवलेली आहेत, त्यामुळे केसपेपरवर ‘अंदाजे’ लिहायला विसरू नका.

साधन कोणतंही असो, चपला-मोजे काढायला लावा आणि अंबाडा सोडायला सांगा. ‘समोर बघा’ एवढ्याने डोकं नीट राहत नाही, हनुवटी वर जाते. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या रेषेत आणा. टाचा उचलल्या नाहीत ना, ते वाकून बघा. फळी केस दाबून टेकवा आणि आकडा आपल्या डोळ्यांच्या पातळीवर वाचा. मूल बुटकं असेल तर गुडघ्यावर बसा. दोन वेळा मोजून ०.५ सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. संध्याकाळी उंची १ सेंमीपर्यंत कमी भरू शकते, म्हणून त्याच मुलाला दर भेटीत शक्यतो त्याच वेळी बोलवा.

आणि एक मीटरची धातूची सळई दवाखान्यात ठेवा. आठवड्यातून एकदा ती फळीखाली उभी करायची. १०० ऐवजी ९९.६ दिसलं, तर मापक पुन्हा बसवेपर्यंत कोणालाच मोजू नका.