चौतिसाव्या आठवड्यानंतर स्टिरॉइडचं इंजेक्शन: घ्यावं की थांबावं?

बाळ दिवस भरण्याआधीच जन्मेल असं वाटलं, तर त्याची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. गरोदरपणाच्या चौतिसाव्या आठवड्याआधी कळा सुरू झाल्या तर त्यावर वाद फारसा नाही. 1972 मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई या डॉक्टरांनी त्यांचा उपयोग दाखवल्यापासून या इंजेक्शनांनी असंख्य बाळांचे श्वास वाचवले आहेत. भारतातल्या सरकारी दवाखान्यांत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड याच टप्प्यापर्यंत देतात. पेच आहे तो 34 ते 36 आठवड्यांचा.

इंजेक्शन घेतलं तर: अमेरिकेतल्या 2016 च्या मोठ्या चाचणीत जन्मानंतर श्वासासाठी आधार लागणाऱ्या बाळांचं प्रमाण 14.4 टक्क्यांवरून 11.6 टक्क्यांवर आलं. पण जन्मानंतर रक्तातली साखर घटण्याचं प्रमाण 15 वरून 24 टक्के झालं. मेंदूचं इंधनच साखर, त्यामुळे पुढे काय, ही धास्ती रास्त होती. त्यातल्याच काही मुलांना सहा वर्षांनंतर तपासलं, तेव्हा बुद्धीच्या चाचणीत मागे पडणारी मुलं औषधाच्या गटात 17.1 टक्के होती, औषध न मिळालेल्यांत 18.5. म्हणजे फरक नाही. मला हा निकाल फार दिलासा देणारा वाटतो.

न घेतलं तर: साखरेची काळजी कमी, पण काही बाळांना धाप लागते, एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, जावं लागतं.

थांबण्याच्या बाजूने फिनलंडमधल्या नोंदींचा 2020 चा अभ्यास बोलतो. औषध मिळूनही पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या मुलांत मानसिक-वर्तनविषयक निदानं 8.89 टक्के, औषध न मिळता पूर्ण दिवसांनी जन्मलेल्यांत 6.31. यातून कारण सिद्ध होत नाही. मुळात त्या गरोदरपणातच गुंतागुंत असू शकते. तरीही प्रसूती लगेच होणार याची खात्री नसेल, तर ती लवकर होण्याची शक्यता किती, हेच मी डॉक्टरांना आधी विचारेन.