मागच्या चाकांच्या कॅम्बरचे बाराशे रुपये

अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) ५००, कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) चार चाकांचा प्रत्येकी ६००, एकूण २९०० रुपये. गगनबावड्याच्या घाटातून कोकणात जाऊन आलेल्या एका स्विफ्टला कोल्हापूरजवळ हायवेलगतच्या दुकानात लागलेलं हे बिल. तक्रार एवढीच होती की गाडी डावीकडे ओढते. स्क्रीनवर चारही चाकांचे आकडे आधी लाल होते, वीस मिनिटांत हिरवे झाले. ताराराणी चौक येईपर्यंत गाडी परत डावीकडेच ओढत होती.

यातले मागच्या चाकांचे बाराशे रुपये म्हणजे उघड लूट आहे. स्विफ्ट, आय-२०, टियागो अशा गाड्यांना मागे टॉर्शन बीम असतो, दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा बीम. त्यावर कॅम्बर किंवा टो (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर किती वळलंय तो कोन) बदलण्याची सोयच नसते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकॅब एकत्र असलेला खांब असतो आणि तिथे नेहमीच्या कामात फक्त टो बदलता येतो, तोही टाय रॉडवरून, म्हणजे स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्यावरून. स्ट्रट आणि नकल (चाक धरणारा भाग) जोडणाऱ्या बोल्टांच्या भोकांत ढील असेल तर कॅम्बर किंचित सरकतो, एवढंच. काही ठिकाणी हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रटच वाकवतात आणि त्याला ‘कॅम्बर काढणं’ म्हणतात. त्यात शॉकॅबचा रॉड वाकू शकतो, मग सील जाऊन तेल गळतं आणि नवा शॉकॅब घ्यावा लागतो.

लाल आकडे हिरवे करायला गाडीला हातही लावावा लागत नाही. रिमवरचा, मापाचा सेन्सर धरणारा क्लॅम्प एका टोकाला ३ मिलिमीटर उचललेला राहिला, तरी १४ इंची रिमवर कॅम्बर जवळजवळ अर्धा अंश चुकीचा दिसतो. ही चूक निघावी म्हणून गाडी थोडी मागेपुढे ढकलून किंवा चाक उचलून फिरवून रनआउट कॉम्पेन्सेशन करायचं असतं. ते टाळायचं, लाल आकडे दाखवायचे, मग क्लॅम्प नीट बसवायचा. म्हणून आधीची आणि नंतरची अशा दोन्ही प्रिंट मागा आणि मागच्या चाकांचे आकडे ताडून पाहा. टॉर्शन बीमच्या गाडीत ते ठळक बदलले असतील तर मापच खोटं. कॅस्टरचंही (बाजूने पाहता चाक वळण्याचा आस पुढे-मागे किती कललाय तो कोन) तसंच आहे. स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे ठरावीक अंशात फिरवल्याशिवाय कॅस्टर मोजता येत नाही. ते फिरवलंच नसेल तर प्रिंटवरचा आकडा आला कुठून, हे तिथेच विचारा.

दुकानात जाण्याआधी घरच्या सपाट फरशीवर माप घेतलेलं असलं की कुणी काही गळ्यात मारू शकत नाही. चारही चाकांत ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. स्टिअरिंग सरळ धरून गाडी पुढे ढकला आणि मागे न घेता थांबवा. गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, गवंड्याची लाइनदोरी ताणून बांधा. दोन दोऱ्यांमधलं अंतर पुढे आणि मागे सारखंच हवं. शिवाय पुढच्या दोन हबपासून (चाकांच्या मध्यभागापासून) आपापल्या दोरीचं अंतर डावी-उजवीकडे सारखं हवं, मागच्या दोन हबचंही तसंच. पुढचं आणि मागचं अंतर एकमेकांशी जुळायची गरज नाही, कारण चाकांमधली रुंदी पुढे-मागे वेगळी असू शकते. आता रिमची पुढची कड आणि मागची कड दोरीपासून मोजा. पुढची कड दोरीपासून जास्त लांब असेल तर टो-इन, उलट असेल तर टो-आउट. १४ इंची रिमवर १ मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण ०.१५ अंश. कॅम्बरसाठी ओळंबा पुरतो. तो चाकाच्या बाहेरच्या बाजूला सोडून रिमची वरची आणि खालची कड मोजा. साडेसहा मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे १ अंश.

टो स्वतः फिरवायचा असेल तर आधी चाक उचलून, खाली स्टँड लावून, बाजूंनी धरून हलवा. खडखड आली तर बहुधा टाय रॉड एंड गेला आहे. तो बदलल्याशिवाय कुठलंच अलाइनमेंट टिकत नाही. टाय रॉडचा लॉकनट ढिला करा, रॅकच्या (टाय रॉडना ढकलणाऱ्या स्टिअरिंगच्या भागाच्या) रबर बूटची क्लिप सोडवा आणि रॉड दोन्ही बाजूंना सारखाच, पाव-पाव फेरा फिरवा. एकाच बाजूला फिरवलं तर स्टिअरिंग वाकडं राहतं. क्लिप न सोडवता फिरवलं की बूट पिळवटून फाटतो आणि पावसाचं पाणी रॅकमध्ये जातं. प्रत्येक वेळी गाडी खाली घेऊन काही फूट ढकला, मगच मोजा. नाहीतर टायर फरशीला अडकून माप चुकतं. शेवटी लॉकनट घट्ट आवळा. ईएसपी (घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टिअरिंगचा मध्य बदलला तर स्टिअरिंगचा सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणावा लागतो. तशा गाडीचा टो घरी फिरवू नये.

त्या स्विफ्टचा टो दोरीवर बरोबरच निघाला. मुळात टो चुकला की गाडी टायर खाते, म्हणजे झिजवते. टायरच्या ट्रेडवरून (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवरून) हात आडवा फिरवला तर एका दिशेने धार लागते. ओढण्याची कारणं बहुधा दुसरी असतात: कमी हवा, चिकटलेला ब्रेक कॅलिपर किंवा खुद्द टायर. पुढचे दोन टायर अदलाबदल केल्यावर ती गाडी उजवीकडे ओढू लागली. दोष टायरमध्येच होता. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र ही अदलाबदल करू नका.

पक्कं बिल मागताना ‘कॅम्बर, मागील चाके’ असं स्पष्ट लिहून घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल आणि दोन्ही प्रिंट हाताशी ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.