नांदूर मध्यमेश्वरला जाताय? आधी पाणी विचारा

पाचपैकी साडेचार तारे. त्यातले निदान दोन तरी एकट्या गाईडचे.

आधी रडगाणं उरकते. नाशिक जिल्ह्यातल्या या पक्षी अभयारण्यात पहिल्यांदा आम्ही शहरातल्या एका टूरवाल्याच्या पॅकेजमध्ये गेलो होतो, ‘फ्लेमिंगो दर्शन, नाश्त्यासह’. मिसळ झकास होती, काळ्या मसाल्याची, सोबत दही-पापड. पण सगळ्यांची तर्री दुसऱ्यांदा मागून होईस्तोवर उन्हं चढली. पोहोचलो तेव्हा पाण्यावर अशी चकाकी, की बदक कुठलं आणि चिखलाचं ढेकूळ कुठलं ते कळेना. फ्लेमिंगोंना पॅकेजचा पत्ताच नव्हता. पाणी उतरून उथळ झालं तर ते येतात, तेही त्यांच्या मर्जीने. पुढच्या खेपेला सासूबाई आणि भाच्याला घेऊन आपल्याच गाडीने अंधारात निघालो आणि चापडगावच्या बाजूला उजाडता उजाडता पोहोचलो.

तिथे गाईड मिळतात. आसपासच्या गावांतलीच मुलं, वनविभागाकडून शिकून तयार झालेली. आमच्या वाट्याला आलेल्या दादाच्या खांद्यावर स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण, होता. सासूबाईंची उंची बघून त्याने न सांगता तिकाटणं खाली घेतलं आणि म्हणाला, “आजी, डावा डोळा झाका, आता लाल चोच शोधा.” पाणकणसात जांभळी पाणकोंबडी होती. तिने एक कोंब उपटला, लांब बोटांच्या पायात धरला आणि उभ्या उभ्या सोलून खायला लागली. “अगं, ही तर हाताने जेवते!” सासूबाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की दादाने ओठांवर बोट ठेवलं. पुढे थापट्या बदकं दिसली. पसरट चोच पाण्यात खुपसून एकामागे एक गोल गोल फिरत होती. खालचं खाणं ढवळून वर यावं म्हणून ती तसं करतात, हे दादा नसता तर आम्हाला कुठून कळणार! साध्या दुर्बिणीतून नुसती गर्दी दिसते, स्कोपमधून प्रत्येकाचा उद्योग दिसतो.

आता पाण्याचं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर ब्रिटिशांच्या काळात बंधारा बांधला, तो कालव्यांसाठी. पक्षी तेव्हा कुणाच्या डोक्यातही नसतील. दोन्ही नद्यांनी वाहून आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. त्यातून बेटं झाली, उथळ डबकी झाली, मधून पाण्याच्या वाटा उरल्या. अभयारण्य १९८६ सालचं, क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर. पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत महाराष्ट्रातून सगळ्यात आधी हेच आलं, २०२० च्या जानेवारीत ते जाहीर झालं. त्या नोंदीत पक्ष्यांच्या २६५ जाती आहेत आणि वनस्पतींच्या ५३६.

पण हे सगळं चालतं सिंचनाच्या वेळापत्रकावर. गंगापूर-दारणा धरणांतून आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, सुटलं की पाणी इथे येतं आणि इथून कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडे जातं. बंधारा तुडुंब असला की बेटांचे काठ बुडतात. चिखलात चोची खुपसणारे तुतारी, शेकाटे पांगतात, बदकं लांब जातात. पातळी फूट-दोन फूट उतरली की काठ उघडे पडतात आणि पक्षी बघायचा तोच मनोरा एकदम फायद्याचा होतो. म्हणून कॅलेंडर बघून रविवार ठरवण्याआधी गाईडला फोन करून पाणी किती आहे ते विचारा.

‘महाराष्ट्राचं भरतपूर’ हे बिरूद पक्षीतज्ज्ञ डॉ. सालीम अलींच्या नावावर सांगतात. त्यांचा मान राखून म्हणते, राजस्थानातलं ते पक्ष्यांचं भरतपूर डोक्यात ठेवून आलात तर हिरमोड होईल. तिथे बांधांवरून सायकलरिक्षात बसून झाडांवरचे पक्षी जवळून बघता येतात. इथे उघडं पाणी, अंतर मोठं आणि वारा भन्नाट.

सगळे डिसेंबर-जानेवारीत जातात, कारण तेव्हा तलवार बदकं, चक्रवाक, क्रौंच असे उत्तरेकडचे पाहुणे असतात. माझं मत विचाराल तर एक फेरी पावसाळ्यातही करा, पूर नसताना. बगळे, पाणकावळे यांची वीण तेव्हाच चालू असते. बाभळीच्या एकेका झाडावर घरट्यांची नुसती चाळ, बिऱ्हाडं खेटून, काड्यांची पळवापळवी, खाली विष्ठेने पांढरी झालेली पानं आणि मासळीचा उग्र वास. पाण्याने वेढलेल्या बाभळी त्यांना सोयीच्या, कारण कुत्रं-मांजर सहज पोहोचत नाही. भाच्याने नाक धरलं, मला मात्र हलावंसं वाटेना. काठावर घसरडं असतं, चपला नकोत.

अर्धा तारा कापला तो तुमच्या-आमच्यातल्या लोकांमुळे. मनोऱ्यावर एकाने मोबाईलवर गाणी लावली होती. दुसऱ्याला उडत्या थव्याचा फोटो हवा, म्हणून त्याने टाळ्या पिटल्या. दादाने त्याला खाली उतरवलं, पण तोवर वारकरी पक्ष्यांचा अख्खा थवा पलीकडच्या बेटाआड गेला होता. सासूबाईंनी त्या माणसाला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.