तीन रिळं, तीन दोऱ्या, अकरा महिने: खोल समुद्रातल्या मोठ्या माशांपुढे काय टिकलं

अकरा महिन्यांपूर्वी तिन्ही रिळं रिकामी केली आणि मुद्दाम तीन तऱ्हांनी भरली. दोन ५० आकाराची रुंद, दोन गतींची, लीव्हर ड्रॅगवाली (ड्रॅग म्हणजे मासा किती ओढीला दोरी सोडवून नेईल ते ठरवणारा रिळाचा ब्रेक). तिसरं ३० चं. पहिल्यावर बुडापासून टोकापर्यंत ८० पौंडी (म्हणजे तेवढ्या ओढीला तुटणारी) मोनो, म्हणजे नायलॉनचा साधा तंगूस. दुसऱ्यावर १३० पौंडी पोकळ ब्रेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली दोरी, आणि तिच्यापुढे ९० मीटर ८० पौंडी मोनोची टॉपशॉट, म्हणजे गळाकडच्या बाजूला जोडलेला तुकडा. तिसऱ्यावर ६५ पौंडी आठपेडी भरीव ब्रेड, पुढे २५ मीटर ६० पौंडी मोनो. (ब्रेड लिहिलं की पाव डोळ्यांपुढे येतो, म्हणून यापुढे वेणी म्हणतो.) ३४ फेऱ्या झाल्या. यलोफिन टूना, वाहू, सेलफिश आणि दोन मार्लिन एवढ्यांनी या दोऱ्या ताणून पाहिल्या. आता लिहायला हरकत नाही.

आधीच सांगून टाकतो. विकत घेताना मी ज्यावर रात्री जागवल्या, म्हणजे कोणती कंपनी, किती पौंड, कुठला रंग, त्यातलं जवळजवळ काहीच पुढे नडलं नाही. जे मासे गेले ते रीळ भरताना आळस केला म्हणून, नाहीतर जोड कच्चा राहिला म्हणून.

३० च्या रिळापासून सुरुवात करतो, कारण पहिला धडा तिथेच मिळाला. वेणी घरी बसून भरली. दुकानातली चकती पेन्सिलीत अडकवली, दोरी चिमटीतून सोडत गेलो, रीळ दिसायला सुरेख झालं. चौथ्या फेरीत तीसेक किलोचा टूना लागला. पहिल्या धावेत शंभर मीटर घेऊन गेला, तोवर ठीक. मग तो थांबला, मी पंधरा मीटर गुंडाळले, तो पुन्हा सुटला आणि वरचे ताणलेले वेढे खालच्या सैल थरात रुतून बसले. बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि रॉड सरळ. कप्तान शांतपणे म्हणाला, "दोरी भरलीस की लोकर गुंडाळलीस?"

वेणी बारीक आणि गुळगुळीत असते. खालचा थर घट्ट नसेल तर वरचा वेढा दोन वेढ्यांच्या फटीत सुरीसारखा घुसतो. ड्रॅग कितीही मऊ असो, दोरी तिथेच अडकते. मोनो जाड आणि गोल, ती सहसा रुतत नाही, म्हणून मोनोवर हात बसलेल्या माणसाला हे लक्षात येत नाही. मला आलं नाही.

दुसऱ्यांदा भरली ती पाण्यावर. बोट सावकाश चालू ठेवली, दोरीच्या टोकाला आमिष-गळ काही न लावता नुसती भिंगरी बांधली आणि जवळजवळ सगळी दोरी मागे सोडून दिली. तिच्यातला पीळ आपोआप उलगडला. मग एकाने रॉड धरायचा, दुसऱ्याने रिळाच्या पुढे ओल्या जाड फडक्यातून दोरी दाबून धरायची, आणि पाच किलोच्या आसपास ताण ठेवत गुंडाळायचं. फडकं ओलंच हवं. वेणी ज्याची असते ते पॉलिथिलीन १५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, आणि कोरड्या फडक्यातल्या घर्षणाने दोरीचा वरचा थर चकाकायला लागला की समजावं, तेवढा तुकडा गेला. आणि वेणी कधीही उघड्या हाताला गुंडाळून ओढू नका. ती हाडापर्यंत जाते. तास-दीड तास गेला, दंड भरून आले, पण त्यानंतरच्या तीस फेऱ्यांत एकदाही रुतली नाही.

बुडाला पंधरा मीटर मोनो आधी भरली होती, ती दोन्ही वेळा. थेट धातूवर बांधलेली वेणी अख्खी गोल फिरते, आणि माणूस ड्रॅग बिघडलं म्हणून रीळ उघडून बसतो.

आता पोकळ वेणी. वर्षभराचा सगळ्यात जास्त आनंद आणि सगळ्यात जास्त मनस्ताप हिनेच दिला. ही सोळा पेडांची नळी असते. मोनो तिच्या पोटात सरकवायची; ओढ आली की नळी आवळते, जितकी ओढ तितकी पकड. गाठच नाही, त्यामुळे जोड रोलर गाईडमधून, म्हणजे रॉडवरच्या चाकवाल्या कड्यांमधून, आवाज न करता जातो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा लहान मुलासारखा पाच वेळा आत-बाहेर करून बघितला.

माझी चूक अशी की पहिली गुंफण जेमतेम तीस सेंटिमीटरची केली आणि वेणीचं तोंड नुसतं सोडून दिलं. घरी वजनकाट्याला लावून ओढून पाहिली, वीस किलोला हलली नाही. समुद्रावर सेलफिशने तीन उड्या मारल्या. उडीत दोरी सैल पडते, सैल पडली की नळी फुगते, आणि तोंड बांधलेलं नसेल तर गाईडला घासून मागे सरकते. तिसऱ्या उडीनंतर मोनो बाहेर आली. तुटलेली नव्हती, टोक अगदी स्वच्छ, कुठे ओरखडा नाही. ताणात धरून ठेवणारा जोड सैल पडल्यावर सोडून देतो, हे काट्यावर कळणारच नव्हतं.

आता अशी करतो: मोनोचं टोक बारीक सॅंडपेपरने गोल करून घ्यायचं, आतून पेड फाडायला नको. लांब पोकळ सुईने किमान पाऊण मीटर, शक्यतो मीटरभर आत न्यायचं. वेणीचं तोंड मेणाच्या धाग्याने दोन-अडीच सेंटिमीटर घट्ट गुंडाळून बांधायचं आणि वर लवचीक गोंदाचा एक थेंब. कडक होणारा गोंद नको. तो सुकला की गाईडवर वाकताना नेमका त्याच्या काठावर मोनो मोडते. एक जोड असाच गेला, पण नशिबाने रिकाम्या आमिषावर. या पद्धतीने केलेल्या नऊ गुंफणींपैकी एकही सुटलेली नाही.

पोकळ वेणीचा दुसरा फायदा मला उशिरा उमगला. मध्ये कुठे खरचटली, तर तेवढा भाग कापून दोन टोकं एकमेकींच्या पोटात घालता येतात आणि दोरी पुन्हा अखंड. बोटीच्या कडेला घासून एकदा वेणीच्या चाळीस मीटरवर पेड सुटले होते. भरीव वेणी असती तर एकतर मध्ये गाठ, नाहीतर पुढचं सगळं फेकून द्यायचं.

हा खटाटोप कशासाठी, तर लांबीसाठी. माझ्या ५० च्या रिळात ८० पौंडी मोनो साधारण साडेचारशे मीटर मावते. त्याच रिळात ९० मीटर मोनो आणि मागे १३० पौंडी पोकळ वेणी घेतली तर एकूण साडेसातशेच्या घरात जाते, आणि मागची दोरी पुढचीपेक्षा मजबूत. पण नुसती लांबी मोजून उपयोग नाही. दोरी जाते तसा रिळाचा व्यास घटतो आणि ड्रॅग वाढतो, लीव्हरला हात न लावता. भरलेल्या रिळावर मी ८० पौंडाच्या एक तृतीयांश, म्हणजे बारा किलो लावतो, काट्याने मोजून. व्यास दोन तृतीयांश उरला की तेच बारा अठरा होतात, निम्मा उरला की चोवीस. त्यात पाण्यातून फरफटणाऱ्या दोरीच्या झोळाचा ओढा वेगळाच, तो कुठल्या काट्यावर दिसत नाही. बारीक वेणीने दोन्ही कमी होतात.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही संपूर्ण मोनोच्या रिळावर पहिला मार्लिन लागला, तीनशे मीटर गेला, रीळ डोळ्यांदेखत रोडावलं, आणि माझ्या हाताने लीव्हर पुढे ढकलली. घाबरलेला हात असाच वागतो. कप्तानाने मागून हात घालून ती खाली ओढली आणि म्हणाला, "तो पळतोय तर पळू दे, बोट कशाला आहे?" बोट मागे घेत गेलो, दोरी परत आली, तास-सव्वा तासाने मासा बाजूला आला आणि सोडून दिला. त्या दिवशी वेणी असती तर मी तो नक्की गमावला असता, असं मला आजही वाटतं. माझी चूक मोनोच्या ताणाने पोटात घातली. नायलॉन तुटायच्या बेताला वीस-पंचवीस टक्के लांबतो, वेणी तीन-चार टक्के. ९० मीटरची टॉपशॉट मी ठेवतो ती याचसाठी. २५ मीटरची ३० च्या रिळावर पुरते, कारण तिथे गळ पटकन रुतणं जास्त महत्त्वाचं.

मोनोचे तोटेही आहेत. भिजली की ती काही टक्के ताकद गमावते, उन्हात पिठूळ होते, रिळाचा वेढा लक्षात ठेवून स्प्रिंगसारखी येते. सहा महिन्यांनी पहिल्या रिळावरची वरची शंभर मीटर नखाने दाबली की पांढरी पडायला लागली. कापली, त्यामुळे रीळ कमी भरलेलं राहिलं, त्यामुळे ड्रॅगचं गणित पुन्हा बदललं. टॉपशॉटवाल्या रिळावर तीच गोष्ट अर्ध्या तासात मिटते: जुनी ९० मीटर काढा, नवी गुंफा. आणखी एक, मोनो फार ताणून भरू नये. ताणलेला नायलॉन आकसू पाहतो आणि रिळाच्या भिंती बाहेर ढकलतो. वेणीला जे शिकलो ते मोनोला लावलं नाही, हे बरं झालं.

ओल्यापणाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. नायलॉनच्या आधी मोठ्या माशांसाठी जवसाच्या धाग्यांची दोरी असे, आणि ती धाग्यांच्या संख्येने ओळखली जाई; ओला एक धागा तीन पौंड, म्हणून ३९ धागी म्हणजे ११७ पौंड. ती ओली झाली की उलट मजबूत व्हायची, पण परतल्यावर दर वेळी सगळी उलगडून वाळवावी लागे, नाहीतर कुजे. १९५३ साली पेरूमधल्या काबो ब्लांकोला आल्फ्रेड ग्लासेलने १,५६० पौंडांचा ब्लॅक मार्लिन काढला, तेव्हा आजच्यासारखी पॉलिथिलीनची वेणी अस्तित्वातही नव्हती. माझी साडेसातशे मीटरची ऐट मग जरा उतरते.

विक्रमाची हौस असेल त्यांच्यासाठी: चकतीवर नुसतं '८० पौंड टेस्ट' लिहिलेली दोरी बहुतेकदा ८० च्या बरीच वर तुटते. आयजीएफए (मासेमारीचे जागतिक विक्रम नोंदवणारी संस्था) वर्गाची म्हणून विकली जाते ती वर्गाच्या आत तुटावी अशी बनवलेली असते. ८० चा वर्ग म्हणजे ३७ किलो, १३० चा ६०. तिथे नमुना दोन तास पाण्यात भिजवून तोडतात. दुहेरी दोरी (टोकाकडे दुमडून केलेली), लीडर (गळाला जोडलेला जाड तुकडा) किंवा गळाच्या लगेच आधीची ५ मीटर दोरी एकसंध हवी. २० पौंडांच्या वरच्या वर्गांत दुहेरी दोरी ३० फूट, लीडर ३० फूट, पण दोन्ही मिळून ४० च्या आत. रिळात गुंडाळला जाणारा लांब लीडर वापरणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा टेपने मोजावा, अंदाजाने नाही. मला विक्रम करायचा नाही, तरी टॉपशॉटला मी वर्गवाली दोरीच घेतो. कुठे तुटेल ते माहीत असलं की ड्रॅग लावताना हात थरथरत नाही.

गाठींबद्दल थोडक्यात. भरीव वेणीला मोनो जोडायला एफजी नावाची गाठ, दुसरं काही नाही. चालत्या बोटीवर ती बांधणं हा छळ आहे. मी घरून बांधून नेतो आणि ओढून वेणीचा रंग गडद होईपर्यंत आवळतो. दुहेरी दोरीसाठी बिमिनी गाठ, वीस वेढे. लीडर फ्लुरोकार्बनचा फक्त टूनासाठी, स्थिर आमिषावर. त्याचा अपवर्तनांक १.४२, पाण्याचा १.३३, म्हणजे तो अदृश्य होत नाही, नायलॉनपेक्षा कमी दिसतो इतकंच. ट्रोलिंगच्या, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढताना, फेसाळ पाण्यात हा खर्च वाया. क्रिंप करताना, म्हणजे लीडरचा फास गाठीऐवजी धातूची नळी दाबून पक्का करताना, नळीची दोन्ही तोंडं न दाबता मोकळी सोडायची. मी एकदा काठापर्यंत दाबली आणि वाहू मासा लागल्यावर २०० पौंडी लीडर त्या काठावर कापला गेला. दोष वाहूच्या दातांना दिला होता, टोक भिंगाखाली पाहीपर्यंत.

देखभालीत एकच सवय बदलली. पूर्वी परतल्यावर रिळांवर पाण्याचा जोरदार फवारा मारायचो. त्याने मीठ आत जातं, आणि वेणी तर स्पंजसारखं पाणी धरून ठेवते. टॉपशॉटवाल्या रिळाच्या बुडाला मला हिरवट डाग सापडले. आता हलका शिडकावा, ओलं फडकं, आणि वाळल्यावर कापडी पिशवी, कारण उन्हाचा मार मोनोला मिठापेक्षा जास्त लागतो.

पुढच्या मोसमासाठी ३० च्या रिळावरची वेणी टोक-बूड उलटून भरली आहे; आतली दोनशे मीटर अजून कोरी होती. दुसरं ५० चं रीळ आहे तसंच, फक्त टॉपशॉट ९० ऐवजी १२० मीटर. पहिल्यावर पुन्हा संपूर्ण मोनो, आणि तो रॉड बोटीच्या मागे सगळ्यात जवळच्या आमिषाला. तिथे मासा पंधरा-वीस मीटरवर लागतो, बसलेला धक्का गिळायला दोरी फार थोडी असते, आणि रॉड बहुधा नवख्या पाहुण्याच्या हातात असतो. कप्तानाला मोनोचं हे रीळ मुळीच आवडत नाही. तो म्हणतो सगळ्यांवर पोकळ वेणी टाक. त्याला अजून त्या दिवशीची माझी लीव्हर आठवून द्यावी लागते.